खलाशांची नावं

आखाजीची आदली संध्याकाळ, सावदा

परीक्षा तोंडावर आली म्हणून ओट्यावर बसून ती समुद्रावरची लांबलचक कविता पुन्हा वाचली. वारा पडलाय, जहाज अडकलंय, चहूकडे खारं पाणी आणि खलाशी तहानेने मरतायत. सर म्हणाले होते, वाचताना अंगावर काटा येतो. माझ्या नाही आला. आबा गेल्यापासून कशानेच काही होत नाही. असं कसं?

उद्या अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने भरायची नवी घागर शेजारीच पाणी भरून ठेवली होती, गळते का ते बघायला. आई तिच्या बुडाला हात लावून ओल चाचपत होती. "काय वाचते?" म्हणाली. मी गोष्ट सांगितली.

"मंग त्याहीच्या घागरी कोन भरते? नावं काय त्याहीची?"

मी पानं उलटली. एवढी माणसं मेली, पण कवीने एकाचंही नाव दिलेलं नाही. वर्षभर शिकले, लक्षातच आलं नव्हतं.

"नाव घेतल्याबिगर पानी पोचत नही, माय," एवढं बोलून ती आत गेली.

उद्याची घागर आबांची, पहिलीच. भरताना त्यांचं नाव मोठ्याने घ्यायचं. आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, उद्याही घेणार नाही. मी एकुलती एक. म्हणजे मीच.

मघाशी ओट्यावर कोणी नसताना घागरीपाशी बसून नाव घेऊन पाहिलं. तोंडातून 'आबा' एवढंच आलं. तेवढ्यावर पाणी पोचतं का, हे आईला विचारायचं धाडस होत नाही.