शेखसाहेबांची हिरवी सही

गुरुवार, संध्याकाळ

आमच्या कंपनीच्या बॉयलरमधलं सगळं शेखसाहेबांना कळतं. मी फक्त त्याची माहितीपुस्तकं लिहिते, ते तपासून सही करतात. न वाचताच करतात, असा माझा संशय. म्हणून या वेळी मुद्दाम एक चूक घातली: ‘वाफेचा दाब उतरण्याआधी झाकण उघडावे.’

आज कागद परत आले. हिरव्या शाईतली ठसठशीत सही, बाकी काही नाही. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले.

“साहेब, आपण वाचलंत तरी का?”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “अहो बाई, वर्ष झालं, अक्षरं लागत नाहीत. आपण लिहिलंय म्हणून निर्धास्त सही करतो.”

आता रागवायचं कुणावर? बसमध्ये मार्केट यार्डापर्यंत ती सही डोळ्यांसमोरून हलेना.

मुद्दाम घातलेली चूक मी लगेच काढली. पण नकळत झालेल्या? वर्षभरातल्या प्रत्येक पुस्तकावर तीच हिरवी सही आहे.