तिसऱ्या भागापासून

सोमवार, ता. ४

आलं ते असं— साबणाच्या दोन वड्या, साठ. सुईदोरा, दहा. सासूबाईंचा नवा चष्मा, तीनशे (चष्मेवाल्यांनी मजुरी घेतली नाही). आणि जुन्या बाजारातून एक कादंबरी, प्रेमाची अन् रहस्याची, चाळीस. देवा, चाळीस! पण नणंदबाईंचा हट्ट. हल्ली त्यांचा जीव कशात रमत नाही, मग मोडवेना.

चष्मेवाल्यांनी त्यांना मागणी घातली आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली, माणूस सरळ. पण दर गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावतात, पिशवी घेऊन कुठे जातात ते सांगत नाहीत. सासूबाईंचा नकार तेवढ्यावरच. नणंदबाई अडतीसच्या, तरी आईच्या शब्दाबाहेर जायच्या नाहीत.

मंगळवार, ता. ५

पुस्तकाची शिवण उसवलेलीच होती. मी सरळ तीन भाग केले— चाळिसात दोघींचं एकदम वाचन! पहिला नणंदबाईंना, मधला मला. तिसरा सासूबाईंकडे, नुसता सांभाळायला.

बुधवार, ता. ६

मधूनच सुरू केलं तरी सुटेना. नायिका टायपिस्ट. वरच्या खोलीतला भाडेकरू रोज संध्याकाळी पेटी घेऊन गायब होतो, आणि घरातले दागिने जातात. भाजी करपली. जपात दोनदा भाडेकरू आला.

गुरुवार, ता. ७

जेवताना वाद. मी म्हटलं, तोच चोर. नणंदबाई म्हणाल्या, "मला आवडतो, पण भरवसा वाटत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "गप बसा दोघी. सोन्यासारखा मुलगा आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"हातात होतं ते वाचलं. चष्मा काय नाकावर मिरवायला घेतलाय?"

म्हणजे शेवट वाचून मोकळ्या! चोर कोण ते काही केल्या सांगेनात.

नणंदबाई पानाकडे बघत हळूच म्हणाल्या, "आई, ज्याच्या जाण्यायेण्याचा पत्ता नाही, तो सोन्यासारखा?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. दुकानाला आज कुलूप होतं.

शुक्रवार, ता. ८

सासूबाईंनी पहिला भाग मागून घेतला.

शनिवार, ता. ९

दुपारी त्यांचं मत पडलं. "त्या टायपिस्टीने पहिल्याच दिवशी जिन्यात गाठून विचारायचं, बाबा रे, कुठे जातोस?"

"मग कादंबरीच झाली नसती."

"न होईना. तुझे चाळीस वाचले असते."

आणि चपला घालून निघाल्या. म्हणे चष्म्याची काडी सैल झाली. सकाळीच मी पुसला होता, काडी चांगली घट्ट होती. आल्या त्या दिवेलागणीला, आणि थेट जपाला बसल्या. नणंदबाईंनी एकाच पोलक्याला दोनदा इस्त्री केली.

रविवार, ता. १०

सासूबाई आज बोलल्या. "पहिल्या बायकोच्या आईकडे जातो तो. तिला दिसत नाही. नखं कापतो, आलेली पत्रं वाचून दाखवतो."

"मग त्यात लपवायचं काय?"

"नवं लग्न करायचं तर जुनं घर सोड, असं कुणीही म्हणेल. मीच म्हटलं असतं. सोडायचं नव्हतं, म्हणून बोलला नाही."

नणंदबाई उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडला. पाणी किती वेळ वाहत होतं. मी बंद करायला गेले नाही.

सोमवार, ता. ११

पोस्टकार्ड, एक. सासूबाईंनी सांगितलं, मी लिहिलं. त्या आजींना दिसत नाही, म्हणजे गुरुवारी वाचणार चष्मेवालेच! खर्चाच्या वहीत मांडायचं, म्हणून नक्कल इथे ठेवते—

"तुमचे जावई आमच्या मुलीला मागतात. मला पसंत आहेत. पण माझी मुलगी तुम्ही आपली म्हणून घ्याल का? घेत असाल तर पुढच्या गुरुवारपासून दोघांना पाठवते. उलट टपाली कळवावे."