जिवंत माणसाच्या तसबिरीला हार

अल्लीपूर, ता. २५ जानेवारी १९५४

प्रिय मेहुणे कवडूजी यांस रूपरावाचा नमस्कार.

हे पत्र माझ्याच हातचं आहे. अक्षर ओळखीचं वाटतं का ते आधी पाहून घ्या, मग पुढे वाचा. इकडे सगळे खुशाल आहेत आणि त्या सगळ्यांत मीही आहे. पिपरीला तुमची, मुलाबाळांची आणि म्हशीची प्रकृती कशी आहे ते कळवा. (जाम गावाकडून माझ्याविषयी काही ऐकलं असेल तर ते खोटं आहे.)

आमच्या समाजमंदिराच्या पुढच्या खोलीला चुना फासून तिचं चित्रदालन केलं आहे. हिंगणघाटचे एक ड्रॉइंग मास्तर तिथे महिनाभर चित्रं काढत होते. बाहेरचा माणूस फुकटात महिनाभर गावाकडे टक लावून बसतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच, म्हणून मी रोज समोर बसून त्याच्यावर नजर ठेवली. तो एक डोळा मिटून, पेन्सिल उभी धरून माझं माप घेई. मला वाटलं, शेतसारा वाढणार. निघालं काय, तर माझंच चित्र! एक भुवई वर, नजर तिरपी. गाव म्हणतं, हुबेहूब. मी असा कोणाकडे पाहतो का, तुम्हीच सांगा.

उद्घाटनाला दुपारी भजनाचा कार्यक्रम होता. भिंतीवर जुने मालगुजार, त्यांचे वडील, शाळेचे पहिले मास्तर, अशी तीन गेलेली मंडळी आणि चौथा मी. गेलेल्यांना हार होते. कार्यक्रमाच्या आधी कोणीतरी माझ्याही तसबिरीला झेंडूचा हार घातला! मला पत्ताच नाही, कारण मी बाहेर पायरीवर होतो. (वहाणा नव्या होत्या, आणि गोमाजी पंच त्यांच्याकडे दोनदा पाहून गेला होता.) पेटी वाजवायला जामचा चहावाला मोतीलाल आलेला, म्हणजे तुमची भाची नलू, तिच्या होणाऱ्या सासऱ्याचा, बबनरावांचा शेजारी. गाणारी मंडळी मागच्या दाराने आत गेली. मोतीलालने हार पाहिला, मी आत कुठे दिसलो नाही, तेव्हा डोळे पुसत त्याने वैराग्याची तीन भजनं म्हटली. फार गोड म्हटली. मी बाहेर मान डोलवत होतो. मग तो चहाही न घेता मागूनच मोटारीला गेला. संध्याकाळी मी आत जाऊन हार काढला, पण तोवर मोतीलाल जामला पोचला होता.

चौथ्या दिवशी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. वर नाव ‘गंगाभागीरथी आनंदाबाई’. घरात वाचता मलाच येतं, तेव्हा तुमच्या बहिणीला माझ्या मरणाचा दुखवटा मीच वाचून दाखवला. बबनराव लिहितात, तुमचे यजमान मोठे सरळ मनाचे, कधी कोणाचा संशय घेतला नाही. (समोरासमोर हा माणूस माझ्याबद्दल एवढं बरं कधी बोलला नाही, त्यामुळे मला आता त्याचाही संशय येतो.) आणि खाली, वसंतपंचमीला ठरलेलं नलूचं साक्षगंध वर्षभर पुढे ढकललं आहे.

नलू नवं लुगडं पेटीतून काढते, पाहते, परत ठेवते. हार गोमाजीनेच घातला असणार. बबनरावांच्या त्याच मुलाला त्यालाही आपली पोरगी द्यायची होती.

तरी तुम्ही मिळेल त्या मोटारीने जामला जा आणि मी आहे असं सांगा. मी स्वतः गेलो असतो, पण तिथे दार बबनरावांची म्हातारी आई उघडते. मला पाहून तिचं काही झालं तर खरोखरच वर्षभर थांबावं लागेल.

आपला (हयात)
रूपराव

ता. क. पत्र बंद करायच्या आधी आनंदाबाईला वाचून दाखवलं. गोमाजीचं नाव आलं तशी ती रडायलाच लागली. म्हणाली, “त्याले काऊन नाव ठेवता? हार म्याच घातलता. साऱ्याइले हार, अन् तुमचाच फोटू उघडा. लोक म्हणतीन, याच्या घरी याचं कोणी नाई काय? मले पाहवलं नाई.” साऱ्या गावाचा संशय घेतला मी, एका हिचा घेतला नव्हता.

दुसरा ता. क. गोमाजीचं वर लिहिलेलं वाचलं नाही असं समजा. आणि हार कोणी घातला असं बबनरावांनी विचारलं तर आनंदाबाईचं नाव काढू नका. तिला अपशकुनी म्हणतील आणि नलूला जन्मभर ऐकवतील. रूपरावाने हौसेने स्वतःच घालून घेतला, असं सांगा. व्याही अर्धवट आहे म्हणतील, म्हणू द्या. सरळ मनाचा आहे, हे त्यांनीच लिहून दिलेलं आहे. कार्ड मी जपून ठेवलं आहे.