दुरुस्त करणारा जवळचा हवा

आबा, काल दादरला जाऊन मी ड्रिल घेऊन आले. हसू नका. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण भिंतीला धरायला दांडी हवीच. माणूस सांगून ठेवला, तर तो रोज नुसता 'येतो' म्हणतो. म्हटलं, सुताराची मुलगी आहे, मीच बसवीन.

दुकानात रांगेने मांडलेली ड्रिलं बघताना मला तुमची खरेदी आठवत राहिली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरणीतली पाळी संपवून तुम्ही सभांची व्यासपीठं ठोकत होतात, गिरमिट फिरवून फिरवून खांदा धरला होता. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून मोठ्या ऐटीत मला बरोबर नेलंत. दुकानदाराने विजेची दोन जुनी ड्रिलं पुढे ठेवली. त्यातल्या चकचकीत विलायतीकडे मी लगेच बोट केलं. तुम्ही दोन्ही सागाच्या फळीवर चालवलीत, हात लावून किती तापतात ते पाहिलंत. विलायती सरस, हे तुम्हीही कबूल केलंत. आणि घेतलंत मात्र दुसरं, रंग उडालेलं! मी तोंड फुगवलं, तशी चारचौघांत खेकसलात, "यंत्राक काय बघतंस? बिघाडला तर नीट कोण करतलो, ता बघ!" ते रंग उडालेलं दुरुस्त करणारा कारागीर घोडपदेवला राहत होता, आपल्या चाळीपासून चालत जाण्याइतका जवळ.

पुढे माझं लग्नही तुम्ही त्याच न्यायाने ठरवलंत. नागपूरचा प्राध्यापक नाकारून जवळच्या करी रोडचा कारकून! किती वर्षं राग धरला मी. आणि तुम्ही दर रविवारी येत होतात, काही बिघडलेलं नसतानाही. तुम्ही गेलात, तेव्हा त्या रागाची लाज वाटली. आता हेही नाहीत, मुलगी परदेशी. चालत येण्याइतकं जवळ माझं कोणी उरलं नाही, आबा. फार एकटं वाटतं.

काल विक्रेत्याला विचारलं, "बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?" तो म्हणाला, "दुरुस्त कोण करतं आता, आजी? नवीन घ्यायचं." तरी मी फळी मागून भोक पाडून पाहिलं. मनगटाला झेपेल असं, फार न तापणारं निवडलं. पिशवीत भरताना त्याने सहज विचारलं, "घरी चालवणार कोण?"

हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी त्याला म्हटलं, "वडील आहेत ना माझे. सुतार आहेत." माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत त्याने पिशवी पुढे केली. खोटं बोलले, आबा, पण बोलताना फार बरं वाटलं.