कॅमेरा फक्त दुपारी बंद पडतो

सोमवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा बंद! गोदामात टायर उतरवून घेत होतो, तेवढ्यात फोन किणकिणला — ‘कॅमेरा ऑफलाइन’. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर साहेब चालू. निळा दिवा मिचमिचतोय, जसं काही घडलंच नाही.

हिला विचारलं. म्हणाली, वीज गेली असेल मधेच.

वीज कसली जाते. हे समोरच्याचं काम. समोरचा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, पण ते नातं आता तोंडात येत नाही. वडिलांनी मजल्याचे दोन भाग करून दिले, मधे पॅसेज ठेवला, आणि गच्चीवरच्या खोलीचं मात्र काहीच लिहून ठेवलं नाही. त्या खोलीवरून आम्ही कोर्टात आहोत. वकील म्हणाले, त्याच्यावर लक्ष ठेवा, एखादी गोष्ट हाताला लागली तर कामाला येईल. म्हणून हा कॅमेरा, थेट त्याच्या दारावर. आणि तोच नेमका आंधळा होतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कंपनीला फोन लावला. बाई गोड आवाजात एकेक विचारत गेल्या. राउटर बंद करून चालू केला का? केला. कॅमेऱ्याचा चार्जर बदलून बघितला का? बघितला. राउटर आणि कॅमेऱ्याच्या मधे लोखंडी कपाट आहे का?

होतं. हिच्या माहेरून आलेलं. एकट्याने ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं. पाठ धरली. ही दारात उभी राहून बघत होती. हात लावायला आली नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कपाट हलवूनही गेलाच. आता बाई म्हणतात, राउटरमधून दोन तऱ्हेचे सिग्नल निघतात, त्यातला जो जरा संथ पण भिंतीतून आरपार जातो तो घ्या. घेतला. पासवर्डही बदलला. समोरचा आमचं नेट फुकटात ओढत असणार — फुकटचं त्याला पहिल्यापासून गोड लागतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तरीही गेला. दुपारीच.

रविवार, १० नोव्हेंबर

दिवसभर घरात होतो. एकदाही गेला नाही! म्हणजे मी बाहेर पडायचीच वाट बघतो तो.

वहिनी जिन्यात भेटल्या. हातात पिशवी, मान खाली, भिंतीला चिकटून निघून गेल्या. मनात खोट नसेल तर माणूस असा जातो का? हिला म्हटलं, बघितलंस? ही म्हणाली, दमल्या असतील. हिला सगळ्या जगाची दया. माझी सोडून.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून नेटवाल्याला बोलावलं. ही बाजारात गेली होती. त्याने वायर तपासली, फोनवर काहीतरी उघडून बघितलं. लाइन ठणठणीत आहे म्हणाला. मग म्हणे, “नेट जातच नाहीये, काका. राउटरच बंद होतोय. कोणीतरी करतंय.”

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मीटर! मीटरची पेटी पॅसेजमध्ये, त्याच्या दाराला लागून. लगेच कुलूप आणून ठोकलं. नेटवाला मान हलवत होता. त्याचं म्हणणं, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकून ठेवा, नेट नसलं तरी तो आपल्यापुरतं टिपून ठेवतो. टाकलं. हिला सांगितलं नाही, उगाच वहिनींच्या कानावर घालेल.

बुधवार, १३ नोव्हेंबर

कुलूप असताना गेला. घरी येताच कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

समोरचं दार उघडलं. तो बाहेर आला. सदरा उलटा, एकाच पायात चप्पल. पॅसेजच्या मधोमध थांबला आणि दोन्ही दारांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग आमच्या दाराशी आला आणि त्यावरून तळवा फिरवायला लागला, कडी चाचपावी तसा. दार उघडलं. ही! हिने त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं.

माझ्या घरात! ज्याच्यासाठी कॅमेरा लावला, तो दुपारभर माझ्याच खुर्चीत!

हिला बोलावून दाखवलं. हिने नाकारलं नाही. राउटरचं बटण मीच बंद करते म्हणाली.

“भाऊजींना काही कळेनासं झालंय. वर्ष होत आलं. जाऊबाई कामावर गेल्या की दार उघडून इकडेच येतात. मग मी बसते त्यांच्यापाशी.”

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

“तुम्ही वकिलांना सांगितलं असतं.”

वकिलांचा नंबर शोधायला फोन मी आधीच हातात घेतला होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सांगितलं वकिलांना. का नाही सांगायचं? त्याने मला कधी सोडलं होतं? वकिलांना उकळ्या फुटल्या. अशा माणसाची साक्ष कोर्टात कशी टिकणार! फक्त कार्डातल्या चित्राला आवाज नाही. म्हणाले, एकदा जाऊन त्याच्याशी बोला, खिशात फोन चालू ठेवा, असंबद्ध बोलला की झालं आपलं काम.

ही ताट वाढते आणि उठून जाते. जाऊ दे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

उद्या जातो. वहिनींनी दार लावून घेतलं तर पॅसेजमधूनच बोलेन. पॅसेज माझाही आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

वहिनी दारातून बाजूला झाल्या. दादा खिडकीशी बसला होता. किती वाळलाय. मला बघून धडपडत उठला, खुर्ची पुढे केली, म्हणाला, “कॅमेरा दुरुस्त करायला आलात ना? समोर लावलाय तो. माझ्या धाकट्या भावाचा आहे. नीट करून द्या हं. एकटा असला की घाबरतो तो.”

करतो म्हणालो. खिशात हात घालून रेकॉर्डिंग बंद केलं.