कै. नागोरावांच्या चित्रपटांना कात्री लावण्याबाबत

मी, सत्यशीला नागोराव मुखेडकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. नीरजा आगाशे यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. याबाबत शेजाऱ्यांचे मत विचारू नये.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी व दागिने माझा एकुलता एक मुलगा अभिनव याला द्यावेत. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला यातले काही नको असते, तरी द्यावे.

२. स्वयंपाकघरातील भांडी व मिक्सर कांताबाईंना द्यावेत. त्या माझ्याकडे स्वयंपाक करतात आणि आमच्या यांच्या सगळ्या चित्रपटांत त्यांनी काम केले. पडद्यावर त्यांची फक्त पाठ दिसते. त्याची भरपाई मिक्सरने होणार नाही, हे मला कळते.

३. कॅमेऱ्याचा स्टँड भाग्यश्री या चित्रपट शिकणाऱ्या मुलीला द्यावा. यांनी तो एकदा ठेवला की हलवत नसत, त्यामुळे नव्यासारखा आहे.

४. आता चित्रपटांविषयी, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. माझे यजमान कै. नागोराव यांनी चार चित्रपट काढले. त्यांची पद्धत अशी, की लग्न, भांडण, मयत, काहीही असो, ते दाखवायचे नाही. पाहुणा "येतो" म्हणून उठला की मग कॅमेरा सुरू. माणसे दारात चपला घालता घालता खरे बोलतात, असे त्यांचे म्हणणे. पाहुणा गेला तरी कॅमेरा चालूच. कॅमेरामन विचारी, "साहेब, बंद करू?" हे म्हणत, "थांबा हो, अजून तो कोपऱ्यावर वळला नाही."

समीक्षक सीताराम दामले याला अस्तित्वाची पोकळी म्हणतात व त्यावर व्याख्याने देतात. पोकळी वगैरे काही नाही. हे नांदेडकडचे. तिकडे पाहुण्याला एस.टी.त बसवून गाडी हलेपर्यंत उभे राहतात. पुण्यात आल्यावर पहिल्याच घरी यांची पाठ वळते न वळते तोच आतून कडी लागली. ती कडी यांना जन्मभर लागली. मी हे सीतारामपंतांना कितीदा सांगितले. ते म्हणतात, "वहिनी, आपण फार जवळून पाहता." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असे वकील म्हणाले, म्हणून सीतारामपंतांना साक्षीदार केले आहे.

माझे मत विचाराल तर चित्रपट लांबच आहेत. दुसरा घरी पाहताना मी मध्ये उठून कुकर लावून आले, तरी बाई दारातच उभी होती. पण त्यात कोणालाही हाकलून दिल्यासारखे वाटत नाही, आणि ते मला आवडते.

५. जाण्यापूर्वी यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की एक फूटही कापू द्यायचे नाही. तो पाळता पाळता मी थकले. माझ्यामागे काय, याचा घोर लागला होता, कारण शाळेत मित्रांनी "तुझ्या बाबांचा पिक्चर संपला का रे?" म्हणून अभिनवला फार छळले आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. गेल्या दिवाळीत एका वाहिनीने पहिला चित्रपट निम्मा करून मागितला. अभिनव परस्पर हो म्हणून आला. "आई, एवढा वेळ कोण बघतं? मीच करतो एडिट कम्प्युटरवर." मी आत जाऊन रडले.

काही आठवड्यांनी तो डीव्हीडी घेऊन आला. चित्रपट निम्मा झाला होता खरा, पण त्याने बोलणी कापली होती. संवाद बहुतेक सगळे गेले आणि दार, रस्ता, चालत जाणारा माणूस, हे सगळे जसेच्या तसे होते.

"हे काय केलंस रे?" मी विचारले.

"तिथे कट करायला हातच होईना गं. तो अजून दिसत होता ना."

वाहिनीने अर्थातच ते नाकारले. अभिनव चिडला, मी साखरभात केला. छातीवरचा धोंडा उतरला तो तेव्हा.

६. सबब चारही चित्रपटांच्या निगेटिव्ह व सर्व हक्क अभिनवला द्यावेत. यांना दिलेला शब्द माझ्याबरोबर संपेल, तो अभिनवला बांधील नाही. त्याने हवे तिथे कापावे. माझी काही अट नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला किती हलके वाटते आहे, ते वकिलांना कळणार नाही.

स्थळ: कसबा पेठ, पुणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २००७

सही: सत्यशीला नागोराव मुखेडकर

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्या समक्ष केली:
१. डॉ. नीरजा आगाशे
२. सीताराम दामले (मजकूर न वाचता, विश्वासाने)