पौर्णिमेची खाडी

अ‍ॅशबर्न, १० फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सियाच्या काळ्या मार्करने लिहिलं आहे, म्हणून अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी आहेत. तुला लहान अक्षरं वाचता येत नाहीत असं मी म्हटलेलं नाही. तुझे डोळे उत्तम आहेत, काचबिंदूचं तेवढं डॉक्टरच्या मनाने घेतलं आहे. फोन करत नाही, कारण फोनवर मी तुला बोलू देत नाही ही तुझी तक्रार. ती खरी आहे.

आमच्या घराला चारी बाजूंनी डेटा सेंटर्सचा वेढा आहे. बिनखिडक्यांच्या त्या भिंती बघून सूनबाईंना, म्हणजे उर्वीला, निसर्गाची ओढ लागली आहे. म्हणून ईशान आम्हा सगळ्यांना पोर्टो रिकोला नेतो आहे. कॅरेबियन बेट, नारळीचे बीच, जवळच डोंगरावर पावसाचं जंगल. शिवाय एक खाडी आहे म्हणे, तिथलं पाणी अंधारात हलवलं की निळं चमकतं. ईशान मार्चच्या मधल्या आठवड्यात जाऊ म्हणत होता. मी दिनदर्शिका काढली तर त्यात अठराला अमावस्या. अमावस्येला विमानात बसायला मी काही वेडी नाही. आता ३० मार्चला निघायचं आहे आणि खाडी १ एप्रिलला, पौर्णिमेला. चांगला दिवस मिळाला.

तुलाही यायचं आहे. सुलभावहिनी गेल्यापासून तू डेव्हन ॲव्हेन्यूच्या त्या दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतोस आणि मी इथे चार वर्षं तुझ्या नावाने खोली झाडते. म्हणून पैज लावते. पाच दिवस कुणाचा हात न धरता हिंडलास आणि आम्ही दाखवू ते तुला दिसलं, तर पुन्हा अ‍ॅशबर्नचं नाव काढणार नाही. नाहीतर घर सोडून इकडे यायचं.

लोभ आहेच, टोमणे जरा कमी करावेत, ही विनंती.
तुझी,
शोभना

शिकागो, १९ फेब्रुवारी २०२६

चि. शोभनास,
अ. उ. आ.

पाटी पोहोचली. खालच्या मिठाईवाल्याने ती त्याच्या दुकानाची समजून लावली नाही, हे नशीब.

पैज मंजूर. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात या शहराच्या नळांचे नकाशे काढले, त्या माणसाला एक बेट अवघड जाईल असं तुला वाटतं, हे वाचून करमणूक झाली. माझ्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. बसस्टॉपपर्यंत दोनशे बारा पावलं. जिलबी तळायला घेतली की सकाळचे दहा वाजले. हे घर मला डोळे मिटूनही दिसतं, आणि तुझ्या त्या टापटीप कॉलनीत सगळी दारं एकसारखी. तिथे मी रोज एका नव्या कुटुंबात जेवून येईन.

काठी आणणार नाही. हात मागणार नाही. ईशानला सांग, गाडी जपून चालव. सियाला माझा गोड पापा.

आशीर्वाद आहेतच, ते जपून वापरावेत.
तुझा,
दादा

शिकागो, ८ एप्रिल २०२६

चि. शोभनास,
अ. उ. आ.

सुखरूप पोहोचलो. एकोणीस पायऱ्या जागेवर आहेत.

सहल उत्तम झाली. जंगलात पाऊस पडला आणि पावसाच्या जंगलात पाऊस कसा पडला म्हणून ईशान चिडला, ते मी विसरणार नाही. धबधब्याच्या वाटेवर दगड निसरडे होते, तरी मी कुणाला हात लावला नाही, आणि तू माझ्यामागे हात पसरून चालत होतीस ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस. लुकियोच्या बीचवर एकट्याने चक्कर मारली, कच्च्या केळ्याचे तळलेले काप खाल्ले. ओळखीही झाल्या.

पण खाडीचं काय? दिवेलागणीनंतर नावेत बसलो, नाववाल्याने वल्हं फिरवलं, ईशान वाहवा म्हणाला, उर्वी म्हणाली, तू तर देवाला हात जोडलेस. मी पाण्यात हात घालून ढवळलं. काळं पाणी आणि त्यात चंद्र, याशिवाय मला काही दिसलं नाही.

तेव्हा पैज तू जिंकलीस. घरमालकाला मेअखेर जागा सोडतो असं कळवलं आहे. खोलीला पडदे निळे लावू नकोस, निळ्याचा आता कंटाळा आला.

लोभ होता तेवढाच असू दे, विजयाने तो फुगू नये.
तुझा,
दादा

अ‍ॅशबर्न, २१ एप्रिल २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी घरभर नाचले. पडदे आणले, पिवळे. तुला खिडकीपाशी बसता यावं म्हणून पलंग फिरवून घेतला. मग सियाने शाळेसाठी सहलीवर निबंध लिहिला, तो वाचला आणि माझा नाच थांबला.

निबंधात लिहिलं होतं की खाडीत कुणालाच काही दिसलं नाही. मी तिला विचारलं. ती तिच्या इंग्लिशमध्ये म्हणाली की आजी, फुल मून होता, चांदण्यात ते चमकणं दिसत नाही, हे तर सगळ्यांना माहीत असतं. मग मी एकेकाला बसवून विचारलं. ईशानने वाहवा केली कारण बुकिंग त्याचं होतं. उर्वीने केली कारण ईशानने केली. निघताना नाववाला चंद्राकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावत होता, तेव्हा आमचे चिरंजीव मान डोलावून हो हो म्हणत होते.

आणि मी? मलाही काही दिसलं नाही, दादा. मला वाटलं माझा मोतीबिंदू वाढला. ते तुला कळलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतंस, म्हणून हात जोडले.

खाडीला अमावस्या लागते. ती मीच टाळली, पंचांग बघून, शहाणपणाने. हे पत्र तीन दिवस लिहून ठेवलं होतं आणि टाकत नव्हते, हेही सांगते. तू यावास असं मला फार वाटतं. पण अशा खोट्यावर तुला घर सोडायला लावलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पैज रद्द. तू जिंकलास. घरमालकाला फोन कर.

लोभ असावा. या वेळी नुसता मागते, टोमणा सुचत नाही.
तुझी,
शोभना

शिकागो, २ मे २०२६

चि. शोभनास,
अ. उ. आ.

वा! पाचजण एका नावेत बसून काळ्या पाण्याचं कौतुक करत होतो. आपल्या घराण्याला शोभेलसंच केलंत.

आता माझं ऐक. खाडीचा काही दोष नाही. पैज मी आदल्या दिवशीच हरलो होतो, लुकियोला, भर दुपारी बाराच्या लख्ख उन्हात. चक्कर मारून परत आलो, लाल छत्रीखाली निळ्या कपड्यातली तू दिसलीस, शेजारी बसलो. पंधरा मिनिटं बोलत होतो. ईशानच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली, उर्वीच्या उपम्याला ठेवली, सुलभाची आठवण आली तेही सांगितलं. तू एकदाही मधे बोलली नाहीस, तिथेच मला शंका यायला हवी होती. केळ्याचे काप हातात दिलेस आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणालीस.

त्या बाईने हाताला धरून मला आपल्या छत्रीपाशी आणून सोडलं. तू तेव्हा सियाच्या किल्ल्यासाठी पाणी आणायला गेली होतीस. म्हणजे हात मी धरला होता, फक्त तुझा नव्हता. मला भीती वाटली, शोभे. इतकी भीती सुलभा गेली तेव्हाही वाटली नव्हती. हे तुला सांगायची लाज वाटत होती. खाडीत तुम्ही सगळे वाहवा करायला लागलात आणि मला बरं निमित्त सापडलं.

घरमालकाला फोन केलेला नाही. विमानाचं तिकीट मात्र काढलं आहे, १६ मेचं. दिनदर्शिका बघ. शनिवार आहे आणि अमावस्या आहे, दोन्ही एकदम. दुसरा दिवस मिळत होता, मी घेतला नाही.

विमानतळावर निळं नेसू नकोस. आणि मला बघितलंस की नुसती उभी राहू नकोस, बोलत राहा, ते तुला जमतं. आधी आवाज ऐकेन, मग हात धरेन.

आशीर्वाद समक्षच देईन.
तुझा,
दादा